शिशाची विषबाधा आणि 'नांगी' औषध



ट्रॅक्टरची बॅटरी निकामी झाली की ती गोठ्याच्या कोपऱ्यात नाहीतर उकिरड्यावर जाऊन पडते. फुटक्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या चाटायची जनावराला, त्यातून वासराला, भारी खोड. जुना रंग लावलेली दारे-खिडक्याही ते असेच चाटते. मग ते आंधळ्यासारखे धडपडते, दात खाते, लाळ गाळते, भिंतीला डोके लावून उभे राहते, झटके येतात. पिसाळलेले जनावरही असेच दिसते, तेव्हा तोंडात हात घालायचा नाही. आधी डॉक्टर बोलवायचा.

यावरचे मुख्य औषध म्हणजे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए. ईडीटीए हे नाव आपल्याला नवे नाही, उसावर चिलेटेड झिंक फवारतो त्यातलेच. 'चिलेट' शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतली खेकड्याची नांगी आहे. ओढ्यातला खेकडा बोट पकडतो तसे हे औषध रक्तातले शिसे पकडते आणि लघवीवाटे बाहेर नेते. पण म्हणून घरातले झिंकचे पुडके जनावराला पाजाल तर घात होईल! त्या नांगीत अगोदरच जस्त आहे. आणि साधे डायसोडियम ईडीटीए टोचले तर ते रक्तातले कॅल्शियमच ओढते, जनावर जागीच जाऊ शकते. नावातला 'कॅल्शियम' शब्द तपासूनच डॉक्टर औषध भरतात.

इंजेक्शन शिरेतून, सावकाश, साधारण तीन ते पाच दिवस चालते. जोडीला थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व देतात. पोटात शिसे शिल्लक असेल तर तेही काढावे लागते. त्यासाठी डॉक्टर मॅग्नेशियम सल्फेट पाजतात, कारण आत नवे शिसे मुरत राहिले तर बाहेर काढून उपयोग काय? औषधाचा ताण मूत्रपिंडावर येतो, पाणी भरपूर ठेवावे. उशीर झाला, झटके वाढले, तर मात्र फारसे हाती लागत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

सोमलावर बाल नावाचे औषध आहे. ते दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डला विषारी वायूवर उतारा म्हणून शोधले गेले. मेंढ्यांना तांबे सोसत नाही, म्हणून मोरचूद वा बोर्डो मिश्रण फवारलेल्या बागेत कळप सोडू देऊ नका.

नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या, तो तिचे पैसे वजा करतो. आणि गाय बरी झाली तरी शिसे हाडांत साठून राहते व दुधात उतरते. दूध तपासून घेईपर्यंत ते डेअरीला घालू नये आणि घरातल्या पोरांनाही देऊ नये.

– ऊस विकास अधिकारी