बिल्ला नव्हे, फ्रेम बघा

जुन्या सायकलीची ओळख पटवायला बसलेला माणूस आधी हँडलखालचा बिल्ला बघतो, आणि माझ्या मते घोटाळा तिथेच सुरू होतो. हिमायतनगर, भोकर, किनवट, हदगाव या पट्ट्यात माडीवर नाहीतर गोठ्यात पडून असलेल्या काळ्या सायकली अजून सापडतात. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे रॅले, हंबर, हर्क्युलिस असं एखादं नाव दिसलं की ‘निजामाच्या काळातली विलायती सायकल’ म्हणून लोक मोकळे होतात आणि भाव चढतो. उलट बिल्ला पडलेली, गंजलेली फ्रेम भंगाराच्या काट्यावर किलोनं जाते. घेणारा फसतो तो आणि विकणारा बुडतो तो, दोघंही एकाच कारणानं. दोन रिव्हेटांवर बसलेल्या पत्र्याला त्यांनी पुरावा मानलेलं असतं.

नावावर का जाऊ नये, याचं उत्तर कारखान्यांच्या इतिहासात आहे. स्वातंत्र्यानंतर इंग्रजी कंपन्यांची हीच नावं इथल्या कारखान्यांतून निघू लागली. 1949 मध्ये स्थापन झालेल्या मद्रासच्या टी. आय. सायकल्सनं हर्क्युलिस, फिलिप्स आणि बी.एस.ए. चालवल्या, बंगालात आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यानं रॅले आणि हंबर काढल्या. नाव तेच, काळा रंग तोच. 28 इंची चाकं आणि सळईचे ब्रेक तर देशी कंपन्यांनी पुढे कित्येक दशकं चालू ठेवले, म्हणून त्यांवरून वय ठरत नाही. आसनसोलची फ्रेम हलकी असते असं मी म्हणत नाही. तो कारखाना बंद पडून बराच काळ लोटला, त्याची चांगली राहिलेली फ्रेमही जपण्याजोगी आहे. पण ती आसनसोलची म्हणूनच विकली जावी.

दुसरा भ्रम सुट्या भागांचा. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी कापून काढलेली असतात, हंबरच्या चेनव्हीलमध्ये पाच छोटी माणसं असतात, रज या इंग्रजी कंपनीच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा. बघत राहावं असं काम आहे ते. पण कॉटर पिन ठोकून काढली की तेच चेनव्हील क्रँकसकट भलत्याच सायकलीवर जातं, आणि खेड्यातल्या दुकानात मिळेल तो भाग बसवून सायकल चालती ठेवणं हाच रिवाज होता. स्टर्मी-आर्चरच्या तीन गिअरच्या हबवर बहुतेकदा सालाचे आकडे ठोकलेले असतात. ते हबचं साल, फ्रेमचं नव्हे.

मग फ्रेम स्वतः काय सांगते? सीटच्या खालचा सांधा आणि पेडलांच्या मधल्या बी.बी. (बॉटम ब्रॅकेट) शेलचा तळ, या दोन जागी आधी नंबर शोधावा. सँडपेपर लावू नये, उथळ ठसा घासून जातो. रॉकेलात भिजवलेल्या फडक्यानं मळ सोडवावा, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवावी. डोळ्यांना न दिसलेला आकडाही कागदावर उठतो. मग बी.बी. कप काढून त्याचे आटे मोजावेत. रॅलेनं नॉटिंगहॅममध्ये इंचाला 26 आटे ठेवले होते, बाकीच्या इंग्रजी सायकलींचा रिवाज 24 चा. अर्ध्या इंचात 13 की 12, एवढा तो फरक, पण बिल्ला बदलणारा माणूस आटे बदलत बसत नाही. अर्थात 26 आटे रॅलेचं घराणं दाखवतात, कारखान्याचं गाव नाही. त्यासाठी नंबरची जागा, आकड्यांचं वळण आणि सांध्यांचं काम एकत्र जुळवून बघावं लागतं.

माउंटन बाइकलाही हाच नियम. 1981 साली बाजारात आलेल्या स्पेशलाइज्ड स्टम्पजम्परसारख्या फ्रेमना आज मोल आहे, म्हणून त्यांचे स्टिकर नव्यानं छापून मिळतात. नळीला डाग देऊन बसवलेले ब्रेकचे खुंट मात्र सहसा कोणी हलवत नाही. ते मागच्या चाकाजवळच्या खालच्या नळ्यांच्या पोटाशी असतील, तर फ्रेम बहुधा 1986 ते 1988 च्या आसपासची. तेव्हा ती पद्धत जोरात होती. मागच्या चाकाची जागा 135 मिलिमीटर भरली, तर ती साधारण 1990 च्या सुमाराची किंवा नंतरची समजावी, नळ्या मागाहून फाकवलेल्या नसतील तर.

यावर कोणी म्हणेल, आजोबांनी हैदराबादहून आणल्याचं घरातले सगळे सांगतात, ते काय खोटं? खोटं कशाला असेल! पण ती साक्ष खरेदीची आहे. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत किती भाग बदलले आणि मोडलेली फ्रेमच कधी बदलली का, हे त्या साक्षीत येत नाही. कोणी म्हणेल, नंबर मिळाला की झालं. तेही पुरेसं नाही, कारण रॅलेच्या नंबरांत सलगपणा नाही आणि एकाच नंबरावरून वेगवेगळी सालं निघू शकतात. नंबर, आटे आणि सांधे तिन्ही एका दिशेनं बोट दाखवतील तेव्हाच नाव घ्यावं. दोनच जुळले तर ‘बहुधा’ म्हणावं आणि भावही बहुधाचाच द्यावा.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्स हे जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे; आपली फ्रेम तिथल्या सायकलींशी ताडून बघता येते. तोवर घरातल्या सायकलीला रंग देऊ नका, बिल्ला उपटू नका आणि नंबर कागदावर उतरवल्याशिवाय फ्रेम भंगारवाल्याच्या हातात देऊ नका.