वाळवंटाकाठचा समुद्र

मुलांनो, सुट्टी जवळ आली की पुण्यातील घराघरांत प्रवासाचे बेत सुरू होतात. ज्यांना समुद्र हवा आणि वाळवंटही पाहावयाचे आहे, त्यांनी गुजरातेतील कच्छचा विचार करावा. तेथे भूजपासून सुमारे ६० किलोमीटरांवर, रुक्मावती नदीच्या मुखाशी मांडवी हे जुने बंदर आहे. लांबच लांब पुळण, नदीकाठी लाकडी गलबते बांधणारे कारागीर आणि १९२० च्या दशकात उभारलेला विजयविलास राजवाडा, हे सारे तेथे पाहावयास मिळते.

परंतु स्थळाबरोबर काळही निवडावा लागतो. आपली मोठी सुट्टी मे महिन्यात येते. त्या वेळी कच्छचे ऊन अंग भाजून काढते. पावसाळ्यात भूजच्या उत्तरेकडील रणात पाणी पसरते. पुढे ते उन्हाने आटते आणि मागे मिठाचा पांढराशुभ्र थर उरतो. म्हणून नाताळची सुट्टी बरी. तेव्हा ऊन सौम्य असते व रणही बहुधा सुकलेले असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरावी. पुण्यातील पुष्कळ घरांत तोटी फिरवताच खडकवासल्याचे पाणी येते. कच्छात पाऊस थोडा. तेथील अनेक गावांना दूरच्या नर्मदेचे पाणी आणावे लागते. समुद्रस्नानानंतर पाहुण्याने गोडे पाणी उधळले, तर ते यजमानाच्याच घागरीतून सांडले असे समजावे.

स्वाध्याय : स्थळ, काळ व पाणी यांचा विचार करून आपल्या पुढील सहलीचा बेत दहा ओळींत लिहा.