इंजिनाचं जडत्व मोजायचंय? खर्च कुठे होतो ते आधी बघा

थेरगाव-काळेवाडीच्या शेडमध्ये इंजिन माउंटिंग, टेस्ट बेड किंवा विद्यार्थ्यांच्या 'बाहा' गाडीचे भाग करणाऱ्यांना ग्राहक कधीतरी विचारतोच: जडत्व आघूर्ण किती? गुगल केलं की लाखांच्या यंत्रांचे फोटो दिसतात. घाबरू नका, बहुतेकांना ते यंत्र लागत नाही.

पहिला प्रश्न: किती आकडे हवेत? पूर्ण उत्तरात वजन, गुरुत्वमध्याचे तीन आकडे आणि जडत्वाचे सहा, असे एकूण दहा येतात. ग्राहकाला एकाच अक्षाचा आकडा हवा असेल तर दहांचे पैसे देऊ नका. सहाही हवे असतील तर जॉब किमान सहा वेगवेगळ्या स्थितींत टांगावा लागतो, आणि खरा खर्च तिथे आहे. मोजणीला मिनिटं लागतात. प्रत्येक स्थितीसाठी फिक्स्चर करायला दिवस जातात.

एका अक्षासाठी तीन तारांचा झोका पुरतो. चौकोनी पाइपची हलकी चौकट, समान लांबीच्या तीन वायर रोप, आयबोल्ट आणि वर एक भक्कम गर्डर. भंगारातला पाइप धरला तर साधारण २,००० ते ४,००० रुपयांत होतं. ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा नसेल तर त्याचे आणखी अंदाजे ८,००० ते १५,०००. असेल तर वैधमापनाचा शिक्का चालू वर्षाचा आहे ना, एवढं बघा. स्टॉपवॉच मोबाइलमध्ये आहेच.

सूत्र सोपं आहे: वजन (किलो) गुणिले गुरुत्वत्वरण ९.७८ गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले दोलनकाळाचा वर्ग, भागिले ४π² गुणिले तारेची लांबी. (पुण्यात ९.८१ घालू नका, ०.३ टक्के उगाच वाढतात.) समजा ६० किलोचा जॉब, तारा ०.३ मीटर त्रिज्येवर, लांबी २.५ मीटर. दोलनकाळ दोन सेकंदांच्या आत-बाहेर येईल. पाच झोके मोजले आणि बोट ०.२ सेकंद चुकलं, तर उत्तर चार टक्क्यांनी हुकतं. पन्नास मोजले तर ०.४ टक्क्यांनी. अचूकता इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळणार नाही. झोका (उभ्या अक्षाभोवतीचा पीळ) मात्र लहान ठेवा, पाच अंशांच्या आत.

पैसे वाया जातात ते जड तबकडीत. ६ मिमी जाडीची, ७०० मिमी व्यासाची लोखंडी तबकडी सुमारे १८ किलोची होते आणि तिचंच जडत्व १.१ किलो-मीटर² येतं. जॉबचं १.५ असेल, तर एकूण जडत्वातून तबकडीचं वजा करताना एक टक्क्याची चूक अडीच टक्क्यांपर्यंत फुगते. म्हणून चौकट हलकी. आणि गुरुत्वमध्य झोक्याच्या मध्यावरच हवा: ३० मिमी सरकला तर या जॉबच्या उत्तरात ३-४ टक्के भर पडते. तो आधी काट्यावर काढून घ्या. अख्ख्या गाडीच्या गुरुत्वमध्यासाठी आयएसओ १०३९२ आहे.

कॅडमधला आकडा फुकट असतो, पण वजन जुळलं म्हणून वाटणी जुळलीच असं नाही. ओतकामाची भिंत आणि वायरिंग मॉडेलमध्ये क्वचितच खरं उतरतं.

प्रमाणपत्रच हवं असेल, तर कोथरूडची एआरएआय किंवा भोसरीची सीआयआरटी या वाहन-चाचणी संस्थांकडे चौकशीपासून सुरुवात करा. दर जॉबप्रमाणे ठरतो, वर १८ टक्के जीएसटी. एनएबीएल मान्यता प्रयोगशाळेच्या पाटीला नसते, तिच्या यादीतल्या ठरावीक चाचणीला असते. तुमची मोजणी त्या यादीत आहे का, ते संकेतस्थळावर पाहून मगच ऑर्डर द्या. कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहून घ्या: किती स्थिती, फिक्स्चर कोणाचं, अनिश्चितता किती टक्के, आणि दोलनकाळाच्या मूळ नोंदी मिळणार का. जॉब तेलासकट मोजायचा की रिकामा, हेही त्यातच नोंदवा. अर्धवट भरलेलं तेल झोक्यात हिंदकळतं आणि मोजणी पुन्हा करण्याचे पैसे तुमच्याच बिलात येतात.