मांडवीची वाट : जवळची की लवकरची?



गळीत हंगाम आटोपला, शेवटची खेप गव्हाणीत पडली, की घरातली मंडळी म्हणतात, "आता तरी दर्या दाखवा." आपल्या कोल्हापूर भागातून सोयीचा दर्या म्हणजे रत्नागिरीचा. तिथल्या मांडवी बंदराच्या धक्क्यावर संध्याकाळी वारा खात बसले की सहा महिन्यांचा शीण जातो. मुंबईला नोकरीला असलेली पोरंही परस्पर तिकडेच येतात.

मग प्रश्न निघतो, जायचे कुठल्या रस्त्याने? एक म्हणतो सरळ जवळचा धरा. दुसरा म्हणतो वळसा पडला तरी चालेल, पण रस्ता पळता पाहिजे. दोघेही आपलेच खरे करतात. पण ही गोष्ट हिशेबाची आहे. ऊस जसा काट्यावर घालतो, तसे रस्तेही काट्यावर घालून बघू.

१. फडातला दाखला

समजा, फडापासून कारखान्यापर्यंत पाणंदीने ७ किलोमीटर आणि डांबरी रस्त्याने १० किलोमीटर आहे. पाणंदीत चाकोऱ्या, मध्ये ओढा. भरलेला ट्रॅक्टर तासाला ७ किलोमीटरच चालतो, म्हणजे एक तास लागला. डांबरीवर तोच ट्रॅक्टर तासाला १५ किलोमीटर गेला, तर ४० मिनिटांत पोचतो. तीन किलोमीटर जास्त चालूनही २० मिनिटे वाचली. हे आपल्या ट्रॅक्टरवाल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

यातूनच नियम निघतो. लांबच्या रस्त्याच्या किलोमीटरांना जवळच्या रस्त्याच्या किलोमीटरांनी भागा. इथे १० भागिले ७, म्हणजे सुमारे १.४. लांबच्या रस्त्यावर सरासरी वेग १.४ पट मिळाला तर दोन्हीकडे वेळ सारखाच. त्याहून जास्त मिळाला तरच लांबचा रस्ता लवकरचा. दाखल्यात वेग दुपटीहून जास्त मिळाला, म्हणून डांबरी जिंकली.

२. कोल्हापूर ते मांडवी

आपला नेहमीचा रस्ता बांबवडे, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा असा. अंतर सुमारे १३० किलोमीटर. दुसरा रस्ता गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाने राजापूर, लांजा करत वर येतो. तो सुमारे १९० किलोमीटर पडतो. महामार्ग रुंद आहे म्हणून काहीजण त्याची भलावण करतात.

१९० भागिले १३०, म्हणजे जवळजवळ दीड. आंबा घाटाच्या रस्त्याने सरासरी ४० चा वेग पडला तर सव्वातीन तास लागतात. गगनबावड्याकडून तेवढ्याच वेळात पोचायचे तर सरासरी ५८ पाहिजे. घाट याही रस्त्याला चुकत नाही, मग ५८ कुठून येणार? तेव्हा आंबा घाट मोकळा असेल तर आपल्याला जवळचा तोच लवकरचा.

३. मुंबई ते मांडवी

मुंबईकर पोरांचा हिशेब वेगळा. सरळ मुंबई-गोवा महामार्गाने रत्नागिरी सुमारे ३४० किलोमीटर. या महामार्गाचे चौपदरीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले, म्हणून गणपतीच्या दिवसांत बरेच चाकरमानी द्रुतगती मार्गाने पुणे, तिथून सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा वळसा घेऊ लागले. हा रस्ता सुमारे ४९० किलोमीटर भरतो. इथेही पट १.४४ च्या आसपास येते.

सरळ रस्त्याने सरासरी ४० मिळाली तर साडेआठ तास. वळशाने सरासरी ५० मिळाली तरी पावणेदहा तासांहून जास्त. म्हणजे वळसा तोट्यात. पण गर्दीत सरळ रस्त्याची सरासरी ३० वर आली, तर तोच प्रवास ११ तास २० मिनिटांचा होतो आणि वळसा दीड तासाने फायद्यात जातो. रस्ते तेच, पण दिवस बदलला की उत्तर बदलते. शिवाय वळशाचे १५० किलोमीटर म्हणजे लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीचे १० लिटर तेल, आणि टोल वेगळा. तासभर वाचवण्यासाठी एवढा खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायला नको.

४. वेळ खरा कुठे जातो?

इथे पुष्कळांची गफलत होते. ६० किलोमीटर ३० च्या वेगाने आणि पुढचे ६० किलोमीटर ६० च्या वेगाने गेलो, तर सरासरी ४५ पडली असे वाटते. पण पहिल्याला दोन तास, दुसऱ्याला एक तास लागला. १२० किलोमीटरला तीन तास, म्हणजे सरासरी ४०. संथ टप्पा सगळी सरासरी खाली ओढतो.

म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी रेटून फारसे हाती लागत नाही. ६० किलोमीटरला ८० च्या वेगाने ४५ मिनिटे लागतात, १०० च्या वेगाने ३६. नऊ मिनिटांसाठी जीव टांगणीला! दहा किलोमीटरचा घाट २० ऐवजी २५ च्या वेगाने उतरलो तर वाचतात फक्त सहा मिनिटे. वेळ वाचवायचाच असेल तर गावातली गर्दी, बाजाराचा दिवस, कामामुळे अडलेला टप्पा चुकेल अशा बेताने निघावे.

५. रस्ता हंगाम बघून ठरवा

पूर्वी मुंबईहून कोकणात बोटी येत, पण पावसाळ्यात बोट बंद. तेव्हाची माणसे हंगाम बघूनच वाट धरत. आज डांबर आले तरी ते शहाणपण शिळे झालेले नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता खचला, आणि त्याच वेळी चिपळुणात पूर आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. जवळचा असो वा लवकरचा, मुसळधार पावसात रात्री घाट आणि नदी ओलांडू नये, हे यातून शिकायचे. मुक्काम करावा, सकाळी निघावे.

आणि गळीत हंगामात आपल्याच उसाच्या गाड्या रस्त्यावर असतात. दोन ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर अंधारात मागून दिसत नाही. मागे चकाकणाऱ्या पट्ट्या लावणे हे सभासद म्हणून आपलेही काम आहे. त्या रस्त्याने कोणाची तरी लेकरे जात असतात.

६. मोबाईलला न कळणारी गोष्ट

मोबाईलवरचा नकाशा गर्दी बघून लवकरचा रस्ता सांगतो. त्याचा उपयोग जरूर करावा. पण रात्रपाळीची वीज आली म्हणून तुम्ही पहाटेपर्यंत पाणी पाजत होतात, हे त्याला माहीत नसते. दोन मिनिटे वाचतात म्हणून तो अरुंद आडवाटेलाही घालतो. अनोळखी घाट त्याच्या भरवशावर रात्री धरू नये. गाडी चालवणाऱ्याची झोप झालेली नसेल, तर जवळचा रस्ताही लांबचाच समजावा.

७. निघण्यापूर्वी एवढे करा

(अ) दोन्ही रस्त्यांचे किलोमीटर कागदावर लिहा आणि भागाकार करा.
(आ) परवा-तेरवा त्या रस्त्याने आलेल्या माणसाला किंवा एस.टी.च्या चालकाला रस्त्याची हालत विचारा.
(इ) लागणाऱ्या वेळेत दर दोन तासांमागे १५ मिनिटे विसाव्याची धरा.
(ई) घाट उजेडात पार होईल अशी वेळ साधा. मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत गाडी चालवू नका. डोळा लागतो तो त्याच वेळी.
(उ) ज्या गिअरात घाट चढावा लागतो, त्याच गिअरात उतरा. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका. सारखा ब्रेक दाबला की तो तापून ऐनवेळी धरत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

दोन्ही रस्त्यांत अर्ध्या तासाहून कमी फरक निघाला, तर घड्याळ बाजूला ठेवा आणि चालवणाऱ्याच्या पायाखालचा, ओळखीचा रस्ता धरा. मांडवीचा धक्का अर्ध्या तासात कुठे जात नाही. सगळी मंडळी त्यावर सुखरूप उतरली पाहिजेत, आणि तशीच घरी परत आली पाहिजेत.