सुट्टीनंतरची शाळा आणि आपल्याकडील अमानत



जून उजाडला की कर्जत तालुक्यातील कळंब आणि आसपासच्या गावांत कामाची एकच घाई उडते. भाजून ठेवलेल्या राबात भाताचे बी पडते, घरांची छपरे शाकारली जातात, सरपण आत घेतले जाते. महिन्याच्या मध्यावर शाळाही उघडतात. त्या निमित्ताने आपण मुलांसाठी दप्तर, छत्री आणि वह्या आणतो. पण ज्या मुलाने दीड महिना नानीच्या घरी, करवंदे-जांभळे वेचण्यात आणि लग्नघरांच्या गर्दीत घालवला, त्याचे मन शाळेसाठी तयार आहे काय, हा प्रश्न आपण क्वचितच स्वतःला विचारतो. या पाठात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

संतती ही अमानत आहे

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर अवतरलेल्या पहिल्या संदेशाचा आरंभ वाचण्याच्या आदेशाने झाला आणि त्यातच लेखणीचा उल्लेख आला, हे आपण सर्व जाणतो. बद्रच्या युद्धानंतर ज्या कैद्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांची खंडणी मदीनेतील मुलांना लिहावयास शिकविणे ही ठरली, असे इतिहास सांगतो. शिकविणारा कालपर्यंत शत्रू होता, तरी मुलांचे शिकणे थांबविले गेले नाही.

प्रेषितांनी (स.) प्रत्येक माणसाला राखणदाराची उपमा दिली आहे. ज्याच्या हाती जे सोपविले आहे, त्याबद्दल त्याला जाब द्यावा लागेल. वडील कुटुंबाचे राखणदार आहेत, आई घराची व मुलांची. राखणदाराचे काम नुसते हाकण्याचे नसते. कळपातील कोणते जनावर मागे राहिले, कोणते लंगडते आहे, हे त्याला ठाऊक असावे लागते. मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत हाकणे सोपे आहे. ते मागे का राहते आहे, हे पाहणे ही खरी जबाबदारी.

इशापासून फज्रपर्यंत

पहिली तयारी झोपेची. सुट्टीत मुले मध्यरात्रीपर्यंत जागतात आणि बरेचदा मोबाईल त्यांच्या हातात असतो. मग शाळेच्या पहिल्या सकाळी त्यांना ओढून उठवावे लागते आणि दिवसाचा आरंभ रडण्याने होतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

इशाच्या नमाजनंतर विनाकारण गप्पा मारीत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे, आणि आपल्या उम्मतच्या पहाटेच्या कामात बरकत यावी अशी दुआ त्यांनी केली आहे. म्हणजे मुलाच्या झोपेचे वेळापत्रक आपल्या दीनने आधीच आखून दिले आहे. शाळा उघडण्यापूर्वी दोन आठवडे झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. जून महिन्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. इशानंतर लवकर निजलेले मूल फज्रला उठू शकते, आणि उरलेली झोप दुपारच्या कैलूल्यात भरून निघते. मात्र एक अट आहे. घरातील मोठ्यांनीही त्या वेळी मोबाईल बाजूला ठेवावा. जे आपण स्वतः करीत नाही, ते मूल आपल्या सांगण्याने करणार नाही.

पोटदुखीमागचे दुखणे

काही मुलांच्या पोटात शाळेच्या दिवशी सकाळी दुखू लागते आणि सुट्टी म्हटली की थांबते. दुखणे टिकले तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. परंतु ‘सोंग करतो आहे’ असे म्हणून त्याला झिडकारू नये. भीतीनेही पोट खरोखर दुखते.

हजरत अनस (रजि.) यांच्या लहान भावाकडे, अबू उमैरकडे, एक छोटा पक्षी होता. तो पक्षी मेला. मूल उदास दिसले, तेव्हा प्रेषितांनी (स.) थांबून त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. ज्यांच्या खांद्यावर संपूर्ण उम्मतचा भार होता, त्यांना एका बालकाचे एवढेसे दुःख लहान वाटले नाही. मग आपल्याला आपल्या मुलासाठी रात्री दहा मिनिटे का सापडू नयेत? नेरळहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या अब्बांनी ती रविवारी काढावीत, आखातात असणाऱ्यांनी फोनवर काढावीत. ‘अभ्यास झाला का?’ एवढेच विचारू नये. तुझ्या शेजारी कोण बसते, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर खेळतोस, कोणी चिडवते का, फळ्यावरचे नीट दिसते का, हे विचारावे.

चौथीपर्यंत उर्दूतून शिकलेले मूल जेव्हा पाचवीत मराठी वर्गात बसते, तेव्हा त्याची भीती आळसातून आलेली नसते. कालपर्यंत वर्गात पहिला हात वर करणारे मूल आज उत्तर येत असूनही शब्दासाठी अडते. अशा मुलाकडून सुट्टीतच रोज दहा मिनिटे मराठी पुस्तक मोठ्याने वाचून घ्यावे. थोडे पण नित्य केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही शिकवण येथे शब्दशः लागू पडते.

‘गुरुजी मारतील’ अशी धमकी तर कधीच देऊ नये. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार विद्यार्थ्याला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही निषिद्ध आहे. काही अडचण असेल तर शिक्षकांना भेटावे. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. ही जागा आपल्या माता-भगिनींची आहे, ती रिकामी ठेवू नये.

जी मुले परतत नाहीत

आता सर्वांत जड गोष्ट. मे महिन्यात ‘नुसता वेळ जावा’ म्हणून गॅरेजवर किंवा दुकानात बसविलेला मुलगा जूनमध्ये परत येत नाही. हातात पैसे आलेले असतात आणि घरालाही त्यांची सवय झालेली असते. मुलीच्या बाबतीत तर काही घडलेलेही दिसत नाही. तिला ‘शाळा सोड’ असे कोणी म्हणत नाही. फक्त या वर्षी तिच्यासाठी वह्या आणल्या जात नाहीत, लहान भावाला तिच्याकडे सोपविले जाते आणि जुलै उजाडतो. तीही विचारीत नाही, कारण उत्तर तिला ठाऊक असते.

बंधूंनो, मुलींचे नीट संगोपन करणाऱ्याला कयामतच्या दिवशी आपल्या अगदी निकट स्थान असेल, अशी शुभवार्ता प्रेषितांनी (स.) दिली आहे. तिला अर्ध्या वाटेवर थांबविणे हे संगोपन म्हणावे काय? शाळा दूर आहे ही अडचण खरी आहे. तिच्यावर काही उपायही आहेत. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. एकाच वाटेने जाणाऱ्या चार-पाच मुलींनी मिळून जावे आणि पालकांनी थांब्यापर्यंत सोबतीची पाळी लावावी.

शेजाऱ्याचा हक्कही विसरू नये. आपल्या तालुक्यातील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवरून पावसाच्या तोंडावर परततात. उशीर झाला म्हणून त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. आपल्या मुलाचे नाव घालावयास जाताना त्यांच्यातील एखाद्याला सोबत न्यावे.

आवणीनंतर भाताचे रोप काही दिवस पिवळे पडते, मान टाकते. जाणता शेतकरी ते उपटून पाहत नाही. बांधावर पाणी राखतो आणि वाट पाहतो, आणि रोप मूळ धरते. शाळेचे पहिले दोन-तीन आठवडे मुलालाही तशीच सवलत द्यावी. सुलभ करा, कठीण करू नका, या प्रेषितांच्या (स.) शिकवणीचा आरंभ आपल्याच उंबरठ्यावर व्हावा.

अल्लाह आपल्या सर्व मुला-मुलींच्या ज्ञानात वाढ करो आणि ही अमानत सांभाळण्याचे बळ आपल्याला देवो. आमीन.