बिडी पायात उतरते तेव्हा

बिडीचं नाव काढलं की लोकांना खोकला आठवतो, फार तर कॅन्सर. पाय कुणालाच आठवत नाही. आमच्या दिंडोरी तालुक्यात, आणि शेजारच्या निफाड, पेठ, सुरगाण्यातही, तिशी-चाळिशीतली माणसं पोटरी धरून बांधावर बसतात, तेल चोळतात, ‘नस दबली’ म्हणतात आणि बसल्या बसल्या पुढची बिडी पेटवतात. काहींना खरंच नसेचा किंवा कमरेचा त्रास असतो. पण काहींच्या पायातल्या रक्तवाहिन्या बुजत चाललेल्या असतात, आणि त्या बुजवणारी वस्तू त्या वेळी त्यांच्या बोटांतच असते.

या दुखण्याला बर्जरचा आजार म्हणतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या लिओ बर्जर या डॉक्टरांनी कापलेले पाय तपासून १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्यांना सूज येते, आत रक्ताच्या गाठी धरतात आणि पुढचं बोट उपाशी पडतं. हा आजार बहुतेक वेळा पंचेचाळीस-पन्नाशीच्या आतल्या माणसाला गाठतो आणि त्याचा तंबाखूशी असलेला संबंध इतका पक्का आहे, की तंबाखूला न शिवलेल्या माणसात तो जवळपास दिसतच नाही. भारतात याचे रुग्ण जास्त सापडतात ते बिडी ओढणाऱ्यांत.

मला तो झाला तेव्हा मी चाळिशीच्या आत होतो. द्राक्षबाग, थोडा टोमॅटो, घरची दोन जनावरं. सुरुवात तळपायाच्या कमानीत झाली. बागेच्या दोन ओळी चालून गेलं की तिथे आवळल्यासारखं व्हायचं, उभं राहिलं की थांबायचं. पुढे तेच दुखणं पोटरीत आलं. ‘थांबलं की थांबतं’ म्हणून घरात कुणी मनावर घेतलं नाही. खरी खूण तीच होती. चालताना स्नायूला जास्त रक्त लागतं, ते पोचलं नाही की तो दुखतो, आणि विसावा मिळाला की मागणी कमी होऊन शांत होतो. सांध्याचं दुखणं असं घड्याळ लावल्यासारखं येत-जात नाही.

मग पाय गार पडू लागला. एक पाऊल गरम, एक गार. रात्री खाटेवर आडवं झालं की बोटांत ठणका सुरू व्हायचा आणि पाय खाली लोंबकळत सोडला की जरा बरं वाटायचं. बायको म्हणायची, ‘अहो, नीट झोपा की, पाय कशाला खाली सोडता?’ त्याचं कारण मला सांगता येत नव्हतं. आज सांगता येतं : पाय खाली सोडला की निदान वजनाने तरी थोडं रक्त खाली उतरतं. अशी रात्र ज्याच्या घरात चालू असेल त्याने पुढचं वाचायच्या आधी दवाखान्याची वेळ ठरवावी, इतकी ती निकडीची आहे.

गोडी छाटणीच्या दिवसांत तारेचा तुकडा करंगळीला लागला. एवढीशी जखम. ती भरेना. साखर तपासली, नव्हती. मलम झालं, हळद झाली, एका जाणत्याने बिब्ब्याचा चटका द्यायला सांगितला, तोही झाला. रक्तच न पोचणाऱ्या बोटावर चटका देणं म्हणजे दुसरी जखम करणं. शेवटी नाशिकला एका डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं, पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं ठेवून नाडी शोधली आणि ती लागली नाही. रक्ताचा प्रवाह बघणारी डॉपलर तपासणी केली. करंगळी काढावी लागली. पाय राहिला.

डॉक्टर म्हणाले, ‘औषधं मी देतो. पण पाय ठेवायचा की नाही ते बिडी ठरवणार.’ मला वाटलं, डॉक्टर लोक असं बोलतातच. नंतर आकडे कळले. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने १९९० मध्ये आपल्या रुग्णांचा हिशेब छापला : ज्यांनी तंबाखू पूर्ण सोडला त्यांच्यात शंभरातल्या पाचेक जणांवरच अवयव कापायची वेळ आली; ज्यांनी चालू ठेवला त्यांच्यात शंभरातल्या चाळिसांहून अधिक जणांवर. या आजारात ‘कमी केली’ याला अर्थ नाही. दिवसाला एक-दोन बिड्याही आजार जागा ठेवायला पुरतात. हृदयाचंही बरंचसं तसंच आहे. थोड्या ओढल्या म्हणून धोका त्या प्रमाणात उतरत नाही.

आमच्याकडे एक समज फार घट्ट आहे : सिगारेट वाईट, बिडी आपली साधी, पानाची. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो, हे खरं. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा आत शिरत नाही आणि बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि जोराचे घ्यावे लागतात. म्हणून एका बिडीतून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. हा कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. ज्याच्या पायात आधीच रक्त कमी पोचतं, त्याच्या त्या थोड्या रक्तातही प्राणवायू कमी. आपल्याच जिल्ह्यात सिन्नरला पिढ्यान्‌पिढ्या बायका बिड्या वळत आल्या आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न मोठा आहे आणि त्यांना दुसरं काम मिळायला हवं. पण आपण बिडी ओढत राहणं हा त्यांच्या पोटाचा इलाज नव्हे. तंबाखूची धूळ त्यांच्याही छातीत जाते.

आता सोडायचं कसं, ते.

द्राक्षवाल्याला नोंदवहीची सवय असते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाच्या अंशांवरून युरोपात आपली द्राक्षं अडली, कित्येक बागाईतदार बुडाले. त्यानंतर कोणतं औषध, किती, कधी मारलं, काढणीला किती दिवस राहिले, हे लिहिण्याचं महत्त्व निर्यातवाल्याला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी बिडीची नोंद सुरू केली : किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, हातात काय काम होतं. परक्या देशातल्या पोरांच्या तोंडात विष जाऊ नये म्हणून आपण एवढं लिहितो. आपल्या रक्तात काय जातं तेही लिहायला हवं, असं मला मनापासून वाटलं. आठवडाभरात पानं बोलायला लागली. बहुतेक बिड्या तीनच ठिकाणच्या होत्या : सकाळचा चहा, फवारणीनंतरचा विसावा आणि लाईटची पाळी रात्रीची असली की मोटारीजवळचं जागरण. तुमची ठिकाणं वेगळी असतील, पण ती अशीच मोजकी असतात. वहीत सापडली की त्यांचा एकेकाचा बंदोबस्त करता येतो.

फवारणीनंतरच्या बिडीबद्दल थोडं जास्त सांगतो. भुरी-डावणीच्या दिवसांत ब्लोअर बंद केला की पहिला हात खिशात जातो. त्या हाताला औषध लागलेलं असतं. बिडीचं टोक त्याच बोटांनी ओठांत. औषधाच्या डब्यावर फवारताना धूम्रपान करू नये असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. मी नियम केला : ब्लोअरवरून उतरल्यावर आधी साबणाने हात-तोंड, मग कपडे, मग पाणी. एवढं करेपर्यंत बिडीची हुक्की निघून गेलेली असायची. हुक्की काही मिनिटांचीच असते; तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला दुसरं काम द्यायचं. मी भाजलेलं जवस आणि ओवा खिशात ठेवत असे.

रात्रीचं अवघड. डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा असा घसरतो, की घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, पहाटे पाणी चालू ठेवावं लागतं. शेकोटीभोवती चार जण, आणि कुणीतरी बंडल पुढे करतोच. ‘घ्या दादा, थंडी जाईल.’ थंडी जात नाही. निकोटिनने हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं आणखी गार पडतात. मी सोबत्यांना सरळ सांगितलं, की मला बिडी देऊ नका, माझा पाय जाईल. त्यावर कुणी हसलं नाही. आपली माणसं आग्रह करतात ते प्रेमाने, आणि कारण कळलं की तेवढ्याच प्रेमाने थांबतात. बर्जरवाल्याने आणखी एक पाळावं : गार पाय शेकोटीला किंवा गरम पाण्याच्या पिशवीला लावू नये. बोट बधिर असतं, भाजलेलं कळत नाही, आणि ते भाजणं पुढे भरत नाही. लोकरीचे मोजे, बागेत पायभर बूट, रोज रात्री बोटांच्या बेचक्या बघणं, हे मी आजही करतो.

पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकं जड, झोप नाही, पोट साफ नाही. खोकला उलट वाढतो, कारण श्वासनळीतले बारीक केस पुन्हा काम करू लागतात आणि साचलेलं बाहेर काढतात. तीन-चार आठवड्यांत बहुतेक उतरतं. झोपेसाठी एक गोष्ट फार कमी जण सांगतात. तंबाखूच्या धुरामुळे यकृत चहातलं कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. लोक समजतात बिडी सोडल्यामुळे झोप उडाली, आणि झोपेसाठी परत बिडीकडे जातात. त्या दिवसांत चहा निम्म्यावर आणावा आणि संध्याकाळनंतर घेऊ नये.

औषधांची लाज बाळगू नये. निकोटिनचा च्युइंगगम बहुतेकांना उपयोगी पडतो. तो गोळीसारखा चघळत राहायचा नसतो, थोडा चावून झणझण आली की गालात धरायचा. माझ्या आजारात मात्र निकोटिनच नको म्हणून डॉक्टरांनी तो दिला नाही, ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या दिल्या. त्या बिडी सोडण्याच्या तारखेच्या आठवडा-दोन आठवडे आधी सुरू होतात आणि फिट येणाऱ्याला चालत नाहीत, म्हणून दुसऱ्याच्या चिठ्ठीवर त्या आणू नयेत. बोलायला माणूस हवा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत क्रमांक आहे. तंबाखूच्या पुड्यांवरही तो छापलेला असतो.

आमच्याकडे सोडण्याचा जुना मार्ग म्हणजे माळ घालणं, नाहीतर सप्तशृंगीच्या गडावर नवस बोलणं. मला त्याबद्दल आदर आहे. चारचौघांत दिलेला शब्द माणसाला धरून ठेवतो. पण माळ घातल्यावर दारू-मटण सुटतं आणि तळहातावरचा तंबाखू-चुना राहतो, हे मी फार घरांत पाहिलं. बिडी सोडणाऱ्याचा घातही इथेच होतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले फक्त ३.८ टक्के प्रौढ धूर ओढणारे निघाले, पण बिनधुराचा तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा खरा तंबाखू तोंडात आहे, मिश्रीत आहे. बिडीच्या जागी तो आला तर रक्तवाहिन्यांची सुटका होत नाही आणि तोंडाच्या कर्करोगाची भर पडते. शरद पवारांवर २००४ मध्ये त्याचीच शस्त्रक्रिया झाली आणि ते त्याबद्दल जाहीर बोलले. आर. आर. पाटील फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याच आजाराने गेले. वय अवघं ५७.

पोरांच्या बाबतीत मी गप्प बसत नाही. राज्याने २०२० मध्ये सुटी बिडी-सिगारेट विकायला बंदी घातली ते बरंच झालं, कारण पहिली बिडी कुणी बंडल घेऊन सुरू करत नाही. माझीही सुट्या बिडीनेच झाली, काकांसाठी आणायला गेलो तेव्हा. घरातल्या मोठ्यांनी पोराला टपरीवर बिडी आणायला पाठवू नये. एवढं प्रत्येक घराला आज जमण्यासारखं आहे.

आणि ज्याचा पाय चालताना दुखतो, थांबलं की दुखायचा राहतो, त्याने दोन्ही पावलांच्या वरची नाडी डॉक्टरांना बघायला सांगावी. ती लागत नसेल, बोटाची जखम दोन आठवड्यांत भरत नसेल किंवा बोट काळंनिळं पडत असेल, तर मालिश, बिब्बा, पट्टी बांधून ओढणं यात दिवस घालवू नयेत. दिंडोरीहून नाशिक लांब नाही. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांचं नाव विचारावं, डॉपलर करून घ्यावा, आणि दिवसाला बिड्या किती हे विचारतील तेव्हा बायको शेजारी बसलेली असली तरी खरा आकडा सांगावा. पुढचा उपचार ठरवताना डॉक्टरांना तो आकडा लागतो.