विषय मनानं, तास एसटीनं

बाय, बारावीचा निकाल छान लागला आणि अलिबागला जे. एस. एम. कॉलेजात नाव घालायचं ठरलं, आत्याला फार आनंद झालाय. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण आलं, तेव्हा दादाच्या वेळचं ‘सगळे घेतात ते घे’ आता विसर. अर्ज भरण्याआधी एवढं वाच, आणि कॉलेजच्या खिडकीवर उभी राहून तोंड उघड. तू विचारायला लाजतेस, मला ठाऊक आहे.

१. आधी मुख्य विषय ठरव, बाकीची यादी मग – वर्षानुवर्षं त्याच्याशीच गाठ आहे. मैत्रिणीच्या विषयानं आपला पेपर सुटत नाही.

२. क्रेडिट म्हणजे तास, हे डोक्यात पक्कं बसव. लेखी विषयाचं एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचं एक म्हणजे ३०. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल कागदावर चिमुकलं दिसतं, पण १५ आठवड्यांत ६० तास, म्हणजे आठवड्याला चार – आणि ते दुपारी पडले की परतीची गाडी हुकते.

३. कॉलेजचं वेळापत्रक आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी ठेवून वाच. नांदगावहून काशीद, साळाव, रेवदंड्याचा पूल, चौल, नागाव करत गाडी पोचते. सकाळचा तास असेल तर एक गाडी आधीची धर – पावसात रस्त्यावर झाड आडवं झालं की तासभर तिथेच जातो. विषय निवडावा मनानं, तास निवडावा एसटीनं.

४. बोनाफाईड पहिल्याच आठवड्यात काढ आणि एसटीचा पास काढून घे – बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे खरं, पण विद्यार्थी पास त्याहून स्वस्त पडतो.

५. खुला वैकल्पिक विषय आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. ‘सोपा आहे’ एवढ्यावर घेऊ नकोस. त्याचा तास कधी आणि शिकवणार कोण, हे आधी विचार – नावडता विषय आणि आडवेळ एकत्र आली की हजेरी पहिली गळते.

६. एनएसएस घेतलंस तर मनापासून कर. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर असतं – शिबिराची तारीख कळल्याबरोबर आईला सांग, आदल्या रात्री नको.

७. जर्नल. यावर थोडं जास्त बोलते, कारण हुशार मुली इथेच अडकतात. प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी, गाडीची वाट बघताना, निरीक्षणं पक्की लिहून काढ आणि पुढच्या वेळी सही घे – महिनाभराच्या सह्या एकदम मागायला गेलं की सर रजेवर असतात. आणि बाय, जर्नल दुधाच्या नाही, जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेव, पिशवीचं तोंड खाली दुमड. रेवदंड्याच्या पुलावर पाऊस तिरका आत येतो, खिडकीची काच पुरती लागत नाही, आणि शाईच्या पेनानं काढलेली आकृती एका सरीत निळं डबकं होते. आकृत्या पेन्सिलीनंच काढ.

८. क्रेडिट बँकेचा आयडी काढताना आधारवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळव – एका अक्षरानं क्रेडिट अडकलं की फेऱ्या तुझ्या नाहीत, बाबांच्या होतात.

९. मधले मोकळे तास कॅन्टीनला देऊन टाकू नकोस, निदान सगळे नको. वाचनालयात बस – रात्री घरी पोचल्यावर डोळे मिटतात, तेव्हा वही उघडत नाही.

१०. पहिल्या वर्षानंतर जादा चार क्रेडिट करून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. सोय म्हणून लक्षात ठेव, पण पहिल्या पावसाळ्यात कंटाळून तो विचार करू नकोस – जुलैतलं अलिबाग आणि डिसेंबरातलं अलिबाग एकच नाही.

११. विषय चुकलाय असं वाटलं तर पहिल्या पंधरवड्यातच त्या विषयाच्या मॅडमना भेट. अर्ज लेखी दे, झेरॉक्सवर आवक शिक्का घे आणि ती झेरॉक्स माझ्याकडे पाठव – माझ्या कपाटात कागद हरवत नाहीत.